आदल्या दिवशीची बातमी

सूर्यभान खंदारेनं जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर पालथं करून मागची सूची उघडली आणि थुंकी लावलेलं बोट एकेका शब्दावरून खाली आणलं. आगीचा शब्द सापडला. त्याच्यापुढं पानाचा आकडा नव्हता. नुसतं लिहिलं होतं, ‘विमा’ पाहा.

त्यानं विमा पाहिला. चांगली तीन पानं होती. आग लागल्यावर नुकसानीचा आकडा वर्तमानपत्रांना कुणी सांगावा, केव्हा सांगावा, भागधारकांना आधी कळवावं की नंतर, सगळं कसं बैजवार लिहिलेलं. कुणी मुद्दाम लावलेल्या आगीबद्दल मात्र एक ओळ नव्हती. त्यानं पुस्तक मिटलं, कपाटात ठेवलं आणि दुसरं काढलं.

सेलूच्या दुधनाकाठ सहकारी सूतगिरणीत सूर्यभान जनसंपर्क अधिकारी होता. पद मोठं, खोली लहान. गोदामाच्या कडेची, दार उघडं राहिलं की रुईचे तंतू नाकातोंडात जाणारी. खोलीत एक टेबल, एक टेलिफोन आणि एक लोखंडी कपाट. कपाटात या धंद्याला लागणारी पुस्तकं होती. चेअरमन व्यंकटरावांनी ती स्वतः पुण्याला जाऊन, दुकानात खुर्ची टाकून बसून आणलेली. इंग्रजी हातपुस्तक, कुण्या निवृत्त साहेबानं लिहिलेलं प्रसिद्धिपत्रकांचं मराठी पुस्तक, राज्यातल्या यच्चयावत वर्तमानपत्रांच्या पत्त्यांची सूची, कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यावं याचं मानपानाचं पुस्तक आणि दोन जाड शब्दकोश. व्यंकटराव स्वतः निजामाच्या राज्यात उर्दू सातवी झालेले. छापलेल्या अक्षरावर त्यांचा भारी जीव. कामगारांनी बोनस मागितला तरी ते आधी इकडं यायचे आणि विचारायचे, “खंदारे, पुस्तकात काय म्हणलंय?” मग पुस्तकात असेल त्यातलं निम्मं तरी करायचे.

पुस्तकं तशी कामाची होती, उगाच नावं कशाला ठेवा. अफवेवर तर अख्खं प्रकरण होतं. पण त्या प्रकरणातली अफवा म्हणजे गिरणी बंद पडणार, पगार लांबणार, सुतात खोट आहे, असली. करंजवाडीचं प्रकरण त्यात कुठं बसत नव्हतं.

करंजवाडी हे बोरीच्या वाटेवरचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला वस्ती आणि वस्तीत सूर्यभानची आई सरजाबाई. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधानसभेत झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यात जे पेटलं ते पेटतच गेलं. कुठली वस्ती जळाली, कुठले लोक अंगावरच्या कपड्यांनी स्टेशनावर येऊन बसले, याच्या बातम्या रोज यायच्या. करंजवाडी त्यातून सुटली होती. पण पोळ्याचं तोरण बांधायचं वस्तीकडं वंशपरंपरेनं आलेलं काम वस्तीनं औंदा करायला नाही म्हटलं, पोरांनी शाळेच्या भिंतीवर विद्यापीठाचं नवं नाव लिहिलं, आणि गावातून निरोप आला : पोळा फुटू द्या, मग बघू. बैलांची मिरवणूक वेशीतून सुटली की पोळा फुटला म्हणतात. तो फुटायला आता फक्त एक दिवस उरला होता.

सूर्यभानला भीती वाटत होती. अन्न गोड लागत नव्हतं. एसटीत शेजारच्यानं सहज म्हणून “कोन्या गावचं पाव्हणं? आडनाव काय?” असं विचारलं की तो डोळे मिटून घ्यायचा. घरमालकानं भाडं न मागता नुसती चौकशी केली तरी तो खोलीला आतून कडी घालायचा. रविवारी तो आईला आणायला गेला होता.

“आये, चार दिवस सेलूला चल,” तो म्हणाला.

सरजाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. “आन् ही बाकीची? समद्या म्हाताऱ्याकोताऱ्या तुज्या एका खोलीत मावत्याल का?”

“तू तरी चल.”

“मी गेले की ह्येंचा धीर सुटंल. आन् घर सोडलं की घर गेलंच म्हनून समज.” तिनं पीठ पुढं ओढलं. “समद्यांना सांगून ठिवलंय म्या. गाडीचा आवाज आला की जवारीत शिरायचं. हाक कुनाचीबी असू दे, वळखीची असू दे, ओ द्यायची न्हाई. आन् जाताना दार उघडं टाकायचं. लावलेलं दार दिसलं की आत मानूस हाय म्हनून कळतं.”

हे सगळं ती भाकरी थापता थापता, पाहुण्याला रस्ता सांगावा तसं सांगत होती. तिच्या त्या शांतपणानंच सूर्यभान जास्त भ्यायला.

बंदोबस्त नव्हता असं नाही. वस्तीतल्या लोकांनी अर्जविनंत्या करून पोळ्यापुरती पोलिसांची गाडी मिळवली होती. गाडीत चार शिपाई. सूर्यभानला ते चार कमी वाटत होते. गावातली शेदोनशे माणसं हलगीच्या तालावर खाली उतरली तर चार शिपाई काय करतील? अजून काहीतरी हवं होतं, कुणीतरी असा हवा होता की ज्याच्या अंगावर गाव जाणार नाही. म्हणून तो सकाळपासून पुस्तकं उलथीपालथी करत होता. दुसरं काही करायला त्याच्या हातात नव्हतंच.

निवृत्त साहेबांच्या मराठी पुस्तकात त्याला ती ओळ दिसली. ‘तणावाच्या प्रसंगी संस्थाप्रमुखाने स्वतः उपस्थित राहावे, व आपली उपस्थिती आधीच जाहीर करावी.’

आधीच जाहीर करावी. सूर्यभाननं ती ओळ दोनतीनदा वाचली.

आता आधीच जाहीर करणं ही तर गिरणीची रोजचीच रीत होती. बातमीचं पाकीट चारच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती परभणीला जायचं आणि तिथल्या दैनिकात उजाडता छापून यायचं. म्हणजे संध्याकाळी जे व्हायचं ते दुपारीच होऊन गेलं असं लिहावं लागे. इकडं मांडववाले खांब रोवत असायचे आणि तिकडं सूर्यभान ‘टाळ्यांच्या कडकडाटात’ लिहून मोकळा व्हायचा. एकदा तर बडे पाहुणे आलेच नाहीत, त्यांची मोटार वाटेत बिघडली, तरी त्यांचं भाषण दुसऱ्या दिवशी दीड स्तंभ छापून आलं. पाहुण्यांनी माणूस पाठवून कात्रणं मागवून घेतली. कुणाचंच काही बिघडलं नाही.

त्यानं कोरा कागद ओढला. पोळ्याच्या शुभेच्छा, यंदाचा पाऊस, सभासदांना दोन गोड शब्द, असं नेहमीचं लिहिलं. मध्ये एक परिच्छेद घातला. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या सायंकाळी, चेअरमन मा. व्यंकटराव यांनी करंजवाडी येथील वस्तीस भेट देऊन ग्रामस्थांसमवेत भाकरी खाल्ली. पोळ्याच्या दिवशी आपण पूर्ण वेळ याच वस्तीत हजर राहणार असल्याचे त्यांनी या वेळी सांगितले.’ लिहून झाल्यावर त्यानं तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर नीट उतरवलं.

व्यंकटराव दुपारी आले ते घाईतच. संध्याकाळी त्यांना शेतावर बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावायला जायचं होतं. सही करण्याआधी बातमी वाचून घ्यायची, हा त्यांचा नेम. डोळ्यांनी नाही, कानांनी.

“वाचा,” ते खुर्चीत टेकत म्हणाले.

सूर्यभाननं वाचलं. शुभेच्छा वाचल्या, पाऊस वाचला. मग नजर त्या परिच्छेदावर आली, आणि त्यानं ती तशीच, न वाचता, खाली नेली. मध्ये एक श्वास गेला असेल. पुढचं त्यानं इतक्या मोठ्यानं वाचलं की दारातला चपराशी वळून बघायला लागला.

“आज लय लहान झालं,” व्यंकटराव म्हणाले.

“सणाचं आहे, साहेब. लहानच बरं असतं.”

“पुस्तकात हाय का तसं?”

“आहे.”

व्यंकटरावांनी उर्दू वळणाची आपली लांबलचक सही केली आणि ते गेले. सूर्यभाननं पाकीट डिंकानं चिकटवलं, स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हातात दिलं. एसटी हलली तेव्हा त्याला वाटलं, धावत जावं आणि पाकीट परत मागून घ्यावं. दोन पावलं तो धावलाही. मग धुरळा बसेपर्यंत तिथंच उभा राहिला.

पोळ्याच्या सकाळी पेपर रेल्वेनं आला, आणि दहाच्या आत चेअरमनचं बोलावणं. गिरणीला सणाची सुट्टी होती. ऑफिसात व्यंकटराव एकटेच बसले होते, पुढ्यात पेपर उघडा. त्यांनी सूर्यभानला बस म्हटलं नाही.

“हे मी कवा केलं?” त्यांनी विचारलं.

सूर्यभाननं उलट्या बाजूनंच तो परिच्छेद ओळखला.

“काल सांजच्याला मी माझ्या बैलापाशी होतो. गड्यायनं पाह्यलंय. आन् हितं म्या म्हारोड्यात भाकर खाल्ली म्हणून छापलंय. करंजवाडी माझी सासुरवाडी हाय, मालूम हाय का न्हाई तुमाला? माझा मेहुणा तात्याराव. पोळ्यात पहिल्या मानाची जोडी त्याची. त्यानं हे वाचलं असंल आतापस्तोर.” त्यांचा आवाज चढत गेला आणि तुमचा तू झाला. “कुनाच्या सांगन्यावरून केलंस? बोल की.”

“माझी आई आहे तिथं,” सूर्यभान म्हणाला.

व्यंकटराव काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी रागातच उचलला, आणि बघता बघता त्यांचं कपाळ सैल झालं. पलीकडून जिल्ह्याच्या ठिकाणचे कुणी बडे साहेब बोलत होते. बातमी वाचली म्हणाले. अशी माणसं जिल्ह्यात चार असती तर ही वेळ आली नसती, म्हणाले. रिसीव्हरमधून आवाज इतका खणखणीत येत होता की सूर्यभानला सगळं ऐकू येत होतं.

“न्हाई न्हाई, त्यात काय येवढं,” व्यंकटराव म्हणाले. “आपलीच मान्सं हायेत ती. … हो, जानार म्हंजे जानारच. पूर्ण वेळ. … काय? पोलिसांची वॅगन? न्या की. खुशाल न्या. दुसरीकडं गरज आसंल तर हितं कशाला अडकवता? मी हाय ना तिथं.”

त्यांनी रिसीव्हर ठेवला. चेहऱ्यावर अजून हसू होतं. मग ते हळूहळू उतरलं.

सूर्यभाननं खुर्चीची पाठ धरली. चार शिपाई कमी वाटत होते म्हणून त्यानं ही खटपट केली होती, आणि आता ते चारही गेले होते. आईच्या दारापुढून पोलिसांची गाडी त्यानं स्वतःच्या हातानं, शुद्धलेखन तपासून हलवली होती.

“खुलासा लिहा,” व्यंकटराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. “छापण्यात चूक झाली म्हणून.”

“खुलासा उद्याच्या पेपरात येईल, साहेब. पोळा आज आहे.”

“मंग फोन लावा. म्हणावं वॅगन असू द्या.”

ट्रंक कॉल लावला. तासाभरानं लागला. साहेब दौऱ्यावर निघून गेले होते, गाडीही गेली होती, आणि ती कुठं गेली हे फोनवरच्या माणसाला सांगता येत नव्हतं. व्यंकटरावांनी पेपराची घडी घातली. मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

“रेवणप्पाला जीप काढाय लावा,” ते म्हणाले. “एकदा जबान दिलीय. आन् तिथं कुनी पानी-बिनी पुढं करायचं न्हाई, आधीच सांगून ठिवतो. मी बसतो. बसन्यापुरतं बसतो.”

रस्त्याला चिखल होता. रेवणप्पा हा गिरणीचा जुना ड्रायव्हर, कपाळाला विभूती, तोंडानं एरवी अखंड चालू. आज तो गप्प होता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, आणि वाऱ्यानं ती हलली की सूर्यभानची नजर तिकडं जायची. दुपार कलली तेव्हा करंजवाडीची वेस दिसायला लागली.

वेशीत बैल जमायला सुरुवात झाली होती. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. तोरण कुणीतरी बांधलं होतं, जरा तिरकं. तात्याराव आपल्या जोडीच्या शिंगांना गोंडे बांधत होते. व्यंकटरावांनी जीप हळू करायला लावली आणि बाहेर डोकं काढलं.

“काय तात्याराव, झाली का तयारी?”

या दाजी, असं म्हणायला हवं होतं. लग्न झाल्यापासून या वेशीत ते शब्द कधी चुकले नव्हते. तात्यारावांनी जीपकडं पाहिलं, मग सूर्यभानकडं पाहिलं, आणि ते पुन्हा गोंडा बांधायला लागले. त्यांच्याभोवतीच्या पोरांपैकी कुणीतरी हसलं. कुणीतरी थुंकलं. व्यंकटरावांनी डोकं आत घेतलं.

“कानावर गेलं नसंल,” ते म्हणाले. “हलगी वाजायलीय ना.”

हलगी तेव्हा थांबलेली होती.

वेशीपासून वस्ती हाकेच्या अंतरावर. जीप खाली उतरली, आणि सूर्यभानला समोर माणसं दिसली, एकदोन बाया, एक म्हातारा, उघडं पोर काखेत मारून पळणारी कुणीतरी. रेवणप्पानं सवयीनं हॉर्न वाजवला. तेवढ्यानं जे काही उरलं होतं तेही ज्वारीत शिरलं. जीप वस्तीच्या मधोमध थांबली तेव्हा तिथं कोंबड्या होत्या आणि एक कुत्रं होतं.

“मी आहे, मी सूर्यभान,” त्यानं हाक दिली. “आये, मी आहे. साहेब आलेत आपल्याकडं.”

ज्वारीतून उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. आपल्या आवाजातली थरथर त्याला स्वतःलाच ऐकू आली, आणि वाटलं, आत बसलेल्यांना हा आवाज कसा वाटत असेल? कुणी बखोटीला धरून बोलायला लावल्यासारखाच की. आईनं शिकवलेलं सगळ्यांनी नीट पाठ केलं होतं. तिथं हिरव्या पानांपलीकडं आई आहे, तिच्या छातीत धडधडतंय, आणि ती आपल्याला ओ देणार नाही.

सरजाबाईचं दार उघडं होतं. चुलीत विस्तव होता, परातीत पीठ भिजवलेलं. सूर्यभाननं घोंगडी अंथरली. व्यंकटराव उंबऱ्याशी थबकले, वाकले आणि आत आले. भिंतीला पाठ लावून बसले. बाहेर जीपजवळ रेवणप्पा उभा होता.

दिवस उतरत गेला. हलगी पुन्हा सुरू झाली. आधी सणाची वाजत होती, मग तिचा ठेका वाढला आणि तिच्यात माणसांच्या आरोळ्या मिसळल्या. व्यंकटरावांनी आयुष्यभर हा आवाज वेशीतून ऐकला होता, तात्यारावांच्या शेजारी उभं राहून, कपाळाला गुलाल लावून. खालून तो त्यांनी कधीच ऐकला नव्हता.

“लय मोठ्यानं वाजवायलेत,” ते म्हणाले.

“दरसाल एवढंच वाजवतात, साहेब.”

रेवणप्पा दारात आला. त्याची नजर कुठंच ठरत नव्हती.

“मागच्या चाकात हवा कमी वाटायलीय. बोरीला जाऊन भरून आनू का? ह्यो गेलो आन् ह्यो आलो.”

“आत्ता?” व्यंकटराव म्हणाले.

“अंधार पडल्यावर लय बेजारी हुईल, साहेब.”

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. जीप सुरू झाल्याचा, वळल्याचा आणि चढ चढून गेल्याचा आवाज आला. ती गेल्यावर सूर्यभानच्या ध्यानात आलं की गिरणीचं नाव त्या जीपवर होतं. चेअरमन वस्तीत आहेत हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती बोरीच्या रस्त्याला लागली होती. व्यंकटरावांच्याही ते ध्यानात आलं असावं. ते उठले, दारापर्यंत गेले, वेशीकडं बघितलं आणि परत येऊन बसले. घशाला कोरड पडली होती. बसल्या बसल्या त्यांनी हात लांबवला, रांजणावरचा तांब्या बुडवला आणि पाणी प्याले. सगळा तांब्या संपवला. मिशा पुसल्या. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आल्यासारखं दिसलं नाही.

“मी उठून वेशीत जाऊन बसलो तर?” त्यांनी विचारलं. “तात्यारावापाशी. तिथून समजावतो त्याला.”

“जा, साहेब.”

व्यंकटराव उठले नाहीत. वस्ती आणि वेस यांच्यामधली ती मोकळी जागा त्यांना दारातून दिसत होती. तेवढी जागा एकट्यानं चालत जायची होती.

मग वरून एकदम मोठा गलका उठला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा खळखळल्या, हलगी क्षणभर अडखळली आणि दुप्पट जोरानं सुरू झाली. पोळा फुटला. दोघांनाही कुणी सांगायची गरज नव्हती. सूर्यभाननं गुडघे पोटाशी घेतले. ज्वारीकडून कुणाच्या तरी लेकरानं रडायला सुरुवात केली आणि लगेच कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

घुंगरमाळांचा आवाज मारुतीकडं वळायला हवा होता. बैल आधी मारुतीला जातात. काही वळले. सगळेच वळले की नाही, कळत नव्हतं. हलगी आता नेमकी कुठं आहे, तेही कळत नव्हतं. उतारावर दगड घरंगळल्यासारखं काहीतरी वाजलं.

“दार लावून घे,” व्यंकटराव कुजबुजले.

“नको, साहेब. दार लावलं की आत माणूस आहे म्हणून कळतं.”

व्यंकटरावांनी त्याच्याकडं पाहिलं. अंधारून आलं होतं. चुलीतला विस्तव सूर्यभाननं केव्हाच राखेनं झाकला होता. उरलेल्या अंधुक उजेडात टोपी, धोतर, मिशा, काहीच धड दिसत नव्हतं. खोपटात दोन माणसं बसलेली होती, एवढंच बाहेरून कुणाला दिसलं असतं. उतारावरून पावलं यायला लागली. बरीच पावलं होती, आणि ती बैलांची नव्हती.

“खंदारे,” व्यंकटराव म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. “मला वळखतील ना रे?”

सूर्यभानला ‘हो, तुम्हाला काही करणार नाहीत’ असं म्हणून टाकायचं होतं. म्हाताऱ्या माणसाला धीर द्यावा असं त्याला मनापासून वाटत होतं. पण खोटं लिहून झालं होतं, आता बोलवेना.

“ओळखतील, साहेब,” तो म्हणाला. “आम्हालाही ते सगळ्यांना नावानं ओळखतात.”

व्यंकटराव घोंगडीवरून सरकत आले आणि सूर्यभानला अगदी चिकटून बसले.